चार्जच्या यादीत नसलेला रकाना
ग्रंथालयाच्या आत : लेखांक ६

पुस्तक दाखल होऊन मांडणीवर कसे पोचते, हे मागच्या लेखांकात पाहिले. आज ते पोचवणाऱ्या माणसांविषयी.

विद्यापीठ ग्रंथालयातला कर्मचारी निवृत्त होताना चार्ज देतो. दाखल नोंदवह्या, कपाटांच्या किल्ल्या, शिक्के, येणे असलेल्या पुस्तकांची यादी, सगळ्यावर दोघांच्या सह्या होतात. नोकरीभर साठलेल्या जाणकारीसाठी मात्र त्या यादीत रकाना नसतो.

ही जाणकारी म्हणजे काय? राम गणेश गडकऱ्यांची नाटके त्यांच्या नावावर आहेत, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावावर आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावावर. तालिकेत ही तीन नावे एकमेकांना जोडलेली असतील तरच वाचकाला सगळे गडकरी सापडतात. कार्डांच्या काळात ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ या नोंदी ते काम करत. संगणकावर नोंदी उतरवताना या जोडण्या सुटल्या, तर वाचकाची गाठ देवघेवीच्या खिडकीवरचा जुना माणूसच घालून देतो. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा फक्त शके असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे पुष्कळांना माहीत असते. पण शके १८०२ च्या माघात छापलेले पुस्तक १८८० चे नव्हे, १८८१ चे, हे नोंद करताना आठवावे लागते. शिवाय पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते, कोणत्या देणगी संग्रहाची यादी कुठल्या वहीत आहे, हे परिचरांना सर्वांत चांगले ठाऊक असते. कामाच्या बैठकांना त्यांनाच बोलावत नाहीत, ही मला यातली सर्वांत मोठी चूक वाटते.

‘मग हे सगळे लिहून काढा’ असा आदेश निघतो. तेवढ्याने भागत नाही. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ च्या ‘द नॉलेज-क्रिएटिंग कंपनी’ या पुस्तकात एक उदाहरण दिले आहे. मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव-यंत्र बनवायचे होते, पण कणीक नीट मळली जात नव्हती. इकुको तानाका या अभियंतीने ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली काम केले. तो कणीक ताणताना पीळही देतो, हे तिथे तिच्या लक्षात आले आणि यंत्राची रचना बदलली. त्या पाववाल्याला नुसते विचारून ते कळले असते असे वाटत नाही. संदर्भ विभागातही हेच घडते. वाचकाच्या अर्धवट प्रश्नातून नेमके पुस्तक कसे ओळखावे, हे शेजारी बसूनच शिकता येते.

आपल्याकडे ते शेजारी बसणेच होत नाही. जुना माणूस गेल्यावर जागा रिकामी राहते आणि नवा येतो तेव्हा सांगणारे कोणी उरलेले नसते. कंत्राटी कर्मचाऱ्याला तर पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हेच माहीत नसते. काही जण माहिती हातची राखतात, त्यांना मी दोष देणार नाही. सांगितल्याचे श्रेय कधीच मिळत नसेल, तर आपल्यावाचून अडणे हाच माणसाला आधार वाटतो.

१९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. तेव्हा रुजू झालेला एकही कर्मचारी आज सेवेत असणे शक्य नाही. मुंबई विद्यापीठ तर १८५७ चे. तिथे किती पिढ्या आल्या आणि गेल्या! सोल असो वा कोहा, ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत आपण भरू तेवढेच राहते.

म्हणून एक साधी वही ठेवावी. त्यात वाचकाचा प्रश्न, कुठे शोधले, कुठे सापडले आणि कोणी शोधले, हे नावानिशी लिहावे. आठवड्यातून अर्धा तास, तोही कार्यालयीन वेळेत, ती सर्वांनी मिळून वाचावी. त्या वेळी परिचरही बसलेले असावेत.

वर्षभरात कोण निवृत्त होणार, हे आस्थापना विभागाला ठाऊक असते. ग्रंथपालांनी ती यादी आजच मागवावी आणि त्यातल्या प्रत्येकाच्या शेजारी एक तरुण सहकारी बसवावा.