सुई घ्यायची, पण समजून घ्यायची



आवणीचे दिवस आले की घरोघरी ताप, सर्दी, अंगदुखी सुरू होते. दवाखान्यात गेलं की आपण आधीच सांगतो, "एक सुई मारा, म्हणजे उद्या कामाला जाता येईल." सुई दिली नाही तर डॉक्टर चांगला नाही, असंही म्हणतो. आणि सुई-सलाईनचा खर्च कितीदा गटाच्या अंतर्गत कर्जातून होतो, हे आपल्या वहीत दिसतंच. म्हणून या अंकात सुईबद्दल थोडं समजून घेऊ.

गोळी असताना सुई कशाला?

गोळी पोटात विरघळते आणि मग रक्तात जाते. साध्या तापाला, अंगदुखीला गोळी पुरते. सुई लागते ती तीन वेळा. पेशंटला उलट्या होतात किंवा शुद्ध नाही, तेव्हा. औषध लगेच पोचायला हवं, तेव्हा. आणि औषधच असं असतं की पोटात ते पचून वाया जाईल, तेव्हा. साखरेच्या आजाराचं इन्सुलिन म्हणूनच सुईने घ्यावं लागतं.

सुई चार प्रकारे देतात

१. कातडीत : सुई जवळजवळ आडवी धरून कातडीच्या वरच्या थरात देतात. तिथे लगेच छोटा फोड येतो. बाळाची बीसीजीची लस अशी डाव्या दंडावर देतात. काही आठवड्यांनी तिथे पुळी येते, पिकते आणि व्रण राहतो. ते बरोबर आहे. त्यावर हळद, तेल, पाला काही लावू नका.

२. कातडीखाली : चिमटीत कातडी धरून तिरकी सुई देतात. इन्सुलिन पोटावर किंवा मांडीवर असं घेतात. बाळाला ९ महिने झाल्यावर गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर अशीच देतात.

३. मांसात : सुई सरळ उभी धरून खोल देतात. गरोदरपणातली टीडीची सुई (पूर्वी टीटी म्हणायचो) दंडात अशी देतात. पहिली सुई लवकरात लवकर, दुसरी ४ आठवड्यांनी. बाळाची पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. "कमरेत का देत नाही?" असं बऱ्याच जणी विचारतात. तिथून पायाची मोठी नस जाते, तिला धक्का लागला तर पाय लुळा पडू शकतो. म्हणून बाळाला मांडीतच. पाळणा लांबवण्यासाठीचं 'अंतरा' इंजेक्शनही मांसात देतात, दर ३ महिन्यांनी. ते घेतल्यावर जागा चोळायची किंवा शेकायची नाही.

४. शिरेत : औषध सरळ रक्तात जातं. सलाईन असंच लावतात. गरोदर बाईचं रक्त फार कमी असेल तर लोहाचं औषधही शिरेतून देतात. हे काम दवाखान्यातच, देखरेखीखाली व्हायला हवं.

'शक्तीची बाटली' म्हणजे काय?

अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण पाच चमचे. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, तोंडाने काही राहत नाही, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. पण नुसता थकवा आहे म्हणून ती लावून शक्ती येत नाही. तेवढ्या पैशात घरात आठवडाभराची डाळ, अंडी येतात.

एकच सुई दोघांना नाही

गुजरातमध्ये मोडासा भागात २००९ साली वापरलेल्याच सिरिंज परत वापरल्यामुळे काविळीची (हिपॅटायटिस बी) साथ पसरली आणि अनेक माणसं दगावली. एचआयव्हीसुद्धा अशा सुईतून पसरतो. उकळून घेतली, स्पिरिटने पुसली, तरी ती चालत नाही. सरकारी लसीकरणातली सिरिंज एकदा वापरली की आपोआप अडकते, पुन्हा ओढताच येत नाही.

साप आणि कुत्रा चावला तर

साप चावला तर भगताकडे वेळ घालवू नका. कापू नका, घट्ट बांधू नका. माणसाला शांत, हालचाल न करता ठेवा आणि १०८ला फोन करा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषावर एकच औषध चालतं. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, आपल्या मुंबईत परळच्या हाफकिनमध्येही ते बनत आलंय. ते शिरेतूनच देतात. कधी त्याची रिअ‍ॅक्शन येते, म्हणून दवाखान्यातच घ्यायचं. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढंच देतात, कारण सापाने सोडलेलं विष काही मुलाच्या वयावर कमी होत नाही.

कुत्रा चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना लावू नका. पोटातल्या १४ सुया कधीच बंद झाल्या. आता सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर कातडीत देतात : पहिल्या दिवशी, आणि तिथून ३, ७ आणि २८ दिवसांनी. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतही वेगळी सुई देतात. बरं वाटलं म्हणून मधली सुई चुकवू नका. रेबीज एकदा झाला की त्यावर उपचार नाही.

सुई घेण्याआधी एवढं विचारा

• ही कशाची सुई? गोळीने भागेल का?
• सिरिंजचं पाकीट माझ्यासमोर फोडाल का? औषधाची तारीख बघू?
• आधी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल, तर ते आपणहून सांगा. गरोदर असाल तर तेही.
• सुईनंतर अर्धा तास तिथेच थांबा. अंगावर गांधी, ओठ-तोंड सुजणं, श्वास अडकणं असं झालं तर लगेच सांगा.
• डिग्री नसलेल्या, बॅग घेऊन पाड्यावर फिरणाऱ्या माणसाकडून सुई घेऊ नका.

विचारायला लाजू नका. बँकेत सही करण्याआधी आपण कागद वाचून घेतो ना, मग अंगात जाणाऱ्या औषधाबद्दल विचारायला काय हरकत आहे?

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करावं : आशाताईंना बोलवा, ज्यांच्या घरी २ वर्षांच्या आतलं बाळ आहे त्यांनी लसीकरणाचं कार्ड आणावं, आणि कोणती सुई राहिली आहे ते सगळ्यांसमोर तपासावं. ज्या बाळाची राहिली असेल, त्याच्या आईसोबत लसीकरणाच्या दिवशी गटातली एक ताई जाईल, असं बैठकीतच ठरवा आणि ठराववहीत लिहा.

आपली,
क्षेत्र समन्वयक