चार वॅटच्या आवाजावर सूर्याची सत्ता

नेब्रास्काच्या सपाट मुलखातून आय-80 महामार्गाने पश्चिमेला निघालेल्या ट्रकच्या केबिनमध्ये एक छोटा रेडिओ दिवसभर खरखरत असतो. याला सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, म्हणतात. त्याचे चॅनल 40, त्यातला 19 नंबरचा ट्रकवाल्यांचा. पुढे अपघात झालाय, वजनकाटा चालू आहे, डावी लेन बंद आहे, अशा बातम्या ड्रायव्हर एकमेकांना देत असतात. आणि एखाद्या दुपारी विलक्षण गोष्ट घडते. पाच किलोमीटर पुढे असलेल्या ट्रकचा आवाज बुडून जातो आणि दीड-दोन हजार किलोमीटरवरच्या कुणा अनोळखी माणसाचं बोलणं शेजारी बसल्यासारखं स्वच्छ ऐकू येतं. रेडिओ ठणठणीत असतो. बदललेलं असतं ते आकाश!

या रेडिओची ताकद किती? कायद्याने फक्त 4 वॅट. आपल्या घरातला साधा एलईडी दिवासुद्धा याहून जास्त वीज घेतो. एवढ्याशा शक्तीवर मोकळ्या रस्त्यात काही किलोमीटरपर्यंत बोलता येतं, आणि ड्रायव्हरला तेवढं पुरतं.

त्याला मोलाची असते ती पुढच्या काही किलोमीटरची बातमी, कारण त्याचा दिवस घड्याळाने बांधलेला असतो. माल वाहणाऱ्या अमेरिकी ड्रायव्हरला सलग 10 तास विश्रांती घेतल्यावर पुढच्या 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते. डिसेंबर 2017 पासून बहुतेक ट्रकांत इंजिनाला जोडलेलं यंत्रच ही नोंद ठेवतं. वाहतूक तुंबली तरी ते 14 तास थांबत नाहीत. मालासकट 36 टनांची गाडी, मागे 16 मीटरचा ट्रेलर. ती वाटेत कुठेही वळवता येत नाही. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्सच्या दरम्यान हिवाळ्यात वारा आणि बर्फ मिळून हाच आय-80 बंद पाडतात. अशा वेळी पुलावर काळा बर्फ धरलाय हे आत्ताच तिथून गेलेला माणूस जितक्या नेमकेपणाने सांगेल, तितकं फोनवरचा नकाशा सांगू शकत नाही. मोबाइल आल्यापासून सीबीवरची वर्दळ बरीच ओसरली, तरी मला हा रेडिओ मोलाचा वाटतो तो यासाठी. त्यावर बोलणारा अनोळखी असतो, पण त्याच रस्त्यावर असतो.

1973 च्या तेलटंचाईत पेट्रोलपंप शोधायला आणि नंतर ताशी 55 मैलांच्या वेगमर्यादेत पोलिसांचा ठावठिकाणा सांगायला ट्रकवाल्यांनी हा रेडिओ उचलला. चॅनल 23 होते ते गर्दीपायी 1977 मध्ये 40 करावे लागले.

आता या रेडिओच्या अडचणींकडे येऊ. पहिली अडचण ट्रकमध्येच असते. 27 मेगाहर्ट्झच्या या लहरीची लांबी 11 मीटर. चांगला ॲंटेना तिच्या पावपट, म्हणजे पावणेतीन मीटर हवा. पण ट्रकच मुळात चार मीटर उंच, त्यावर एवढी काठी उभारली तर ती पुलाखाली मोडेल. म्हणून तार गुंडाळून ॲंटेना आखूड करतात आणि आरशाच्या दांड्यावर बसवतात. त्याला खालून धातूच्या विस्तृत पृष्ठभागाचीही साथ लागते, कारण तो पृष्ठभाग ॲंटेनाचा उरलेला अर्धा भाग म्हणून काम करतो. केबिनचे भाग फायबरग्लासचे असले की तो आधार जातो, शक्ती हवेत जाण्याऐवजी केबलमधून परत फिरते. फार परतली तर रेडिओच जळतो. दोन्ही आरशांवर एकेक ॲंटेना लावून ते नीट जोडले, तर लहरी बाजूच्या शेतांत कमी आणि रस्त्याच्या दिशेने, पुढे-मागे, जास्त जातात. रस्त्याच्याच आकाराचा आवाज! ही युक्ती मला फार आवडते.

दुसरी अडचण मात्र ड्रायव्हरच्या हातातली नाही. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतल्या अणू-रेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे आयनांबर. त्याचं अस्तित्व 1924 मध्ये एडवर्ड ॲपल्टन यांनी प्रयोगाने सिद्ध केलं. 1947 चं नोबेल त्यांना याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. एरवी 27 मेगाहर्ट्झची लहर हा थर भेदून अवकाशात निघून जाते. सूर्यावर डाग वाढले, किरण प्रखर झाले, की इलेक्ट्रॉन इतके दाट होतात की तिरकी गेलेली लहर तीनेकशे किलोमीटर उंचीवरून वाकून खाली येते. ट्रकवाले याला ‘स्किप’ म्हणतात. उभी गेलेली लहर मात्र तेव्हाही निसटतेच. म्हणून हजारो किलोमीटरवरचा माणूस ऐकू येतो, तर तीनशे किलोमीटरवरचा नाही.

मग देशभरातले आवाज एकाच चॅनलवर कोसळतात. दोन प्रक्षेपकांच्या वारंवारतेत किंचित फरक असला की तेवढ्या फरकाची शीळ कानात घुमते. स्क्वेल्चचं, म्हणजे क्षीण आवाज गाळण्याचं, बटण फिरवून ड्रायव्हर हा कल्लोळ दाबू पाहतो, पण त्यात जवळचा क्षीण आवाजही दबतो. 250 किलोमीटरपलीकडच्या माणसाशी सीबीवर बोलायला अमेरिकेत 2017 पर्यंत बंदी होती. लहरींना ती कशी पाळता येणार?

सूर्यडाग वाढण्या-ओसरण्याचं चक्र सुमारे 11 वर्षांचं. सध्याच्या 25 व्या चक्राचा कळस 2024 च्या सुमारास आला. तो ओसरेल तशी दुपारची गर्दी कमी होईल आणि पुढचा ट्रक पुन्हा ऐकू येऊ लागेल. पूर्ण शांतता मात्र मिळणार नाही. उन्हाळ्यात शंभरेक किलोमीटर उंचीवर आयनांचे दाट पट्टे अचानक जमतात. डाग असोत वा नसोत, त्यांच्यावरूनही लहरी परततात, कधी काही मिनिटं, तर कधी काही तास.