बंदुकीचा धक्का आणि गवियरची बदके

हिवाळा लागला की सुरतेच्या गवियर तलावावर उत्तरेकडील बदकांचे थवे उतरू लागतात, आणि ज्यांच्या घरी वडिलोपार्जित दुनळी परवान्यासह जतन केलेली आहे अशा मंडळींच्या बैठकीत, पाखरांसाठी खांद्याला न लागणारी अर्धस्वयंचलित बंदूक घ्यावी काय, हा विषय हमखास निघतो. या प्रश्नाच्या पोटात अनेक गैरसमज दडलेले आहेत.

त्यांतील सर्वांत घातक समज असा की, शस्त्राचा परवाना हाच शिकारीचा परवाना होय. वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा झाला तेव्हा शिकारीचे परवाने देण्याची तरतूद त्यात होती खरी. परंतु 1991 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. बंदुकीचा परवाना आत्मरक्षणासाठी मिळालेला असो वा पिकाच्या राखणीसाठी, त्याच्या बळावर तित्तिर किंवा बदक मारण्याचा अधिकार कोणासही प्राप्त होत नाही.

दुसरा समज यंत्रासंबंधीचा. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप दाबून धरताच गोळ्यांची सरबत्ती करणारी बंदूक नव्हे. चाप एकदा ओढला की बार एकच होतो, फक्त पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. अशा बंदुकीत धक्का नाहीसा होतो हेही खरे नाही, कारण छर्रे, दारू आणि वायू ज्या संवेगाने पुढे जातात, तितकाच संवेग बंदुकीस मागे मिळतो, आणि न्यूटनच्या या नियमाला कोणत्याही कारखान्यात अपवाद घडवता येत नाही. वायूच्या दाबाने चालणारी बंदूक तो धक्का किंचित अधिक काळावर पसरवते, त्यामुळे खांद्याला तडाख्याऐवजी रेटा जाणवतो, इतकेच. खरा फरक पडतो तो वजनाने आणि काडतुसाने: तेच काडतूस तीन किलोंऐवजी चार किलोंच्या बंदुकीतून उडविले तर धक्क्याची ऊर्जा चतुर्थांशाने घटते, आणि छर्रे 36 ग्रॅमऐवजी त्याच वेगाने जाणारे 24 ग्रॅमचे घेतले तर ती निम्म्याहूनही खाली येते. बंदुकांचे रचनाकार ब्राउनिंग यांनी 1900 साली पेटंट घेतलेल्या अर्धस्वयंचलित बंदुकीत तर संपूर्ण नळीच मागे सरकते, आणि तिच्यातील घर्षणाचे कडे हलक्या काडतुसासाठी लावून ठेवून भारी काडतूस उडविल्यास धक्का उलट वाढतो व बंदुकीचीही हानी होते. वीस बोअरची, म्हणजे बारा बोअरहून अरुंद नळीची, बंदूक नेहमीच सौम्य असते, हा समजही तसाच. ती बहुधा हलकी असल्याने भारी काडतुसाला बारा बोअरइतकीच झोंबते.

शिवाय अर्धस्वयंचलित बंदुका शस्त्रनियमांनी निर्बंधित वर्गात घातल्या आहेत. साध्या दुनळीप्रमाणे त्यांचा परवाना मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकास दोहोंपेक्षा अधिक बंदुका बाळगता येत नाहीत, हेही वारसांनी ध्यानी घ्यावे. आणि बंदुकीचे कौशल्य दाखवण्यास पाखरेच लागतात असेही नाही: अथेन्स ऑलिंपिकमध्ये 2004 साली नेमबाज राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळविले ते मातीच्या तबकड्या फोडून. ज्यांना नेमाची हौस आहे त्यांनी ती नेमबाजीच्या मैदानावर रीतसर पुरवावी, आणि गवियरच्या काठी जाताना सोबत केवळ दुर्बीण न्यावी.