भूशास्त्र विभागांत आठवडाभर काय चालतें?

विश्वविद्यालयांच्या निरनिराळ्या विभागांत दर आठवड्यास एक सूचनापत्र निघत असतें. सोमवारीं अमक्यांचें व्याख्यान, बुधवारीं प्रयोगशाळेंत नव्या यंत्राची ओळख, शनिवारीं विद्यार्थ्यांची सहल, अमक्या विद्यार्थिनीचा निबंध स्वीकारला गेला, असा त्यांतील मजकूर असतो. बाहेरच्या माणसास तो रुक्ष वाटतो. त्यांतहि तो विभाग भूशास्त्राचा असला, तर दगड पाहण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न मनांत आल्याखेरीज राहत नाहीं. मुलानें पुढें भूशास्त्र शिकावें कीं नाहीं, हें विचारावयास आमच्याकडे येणारे पालकहि बहुधा तोच प्रश्न निराळ्या शब्दांत करितात. “दगड फोडून पोट भरेल काय, सर?” असें ते म्हणतात. त्या रुक्ष सूचनापत्रामागें कोणतें काम चाललेलें असतें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांतल्या प्रिन्स्टन विश्वविद्यालयाचा भूशास्त्र विभाग घेतला आहे. इतक्या दूरचें उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, गेल्या कांहीं वर्षांत तेथील मेजांवर जे दगड तपासले गेले, त्यांत आपल्या सह्याद्रीचेहि दगड होते.

या विश्वविद्यालयाची स्थापना १७४६ सालीं झाली. मूळचे स्वित्झर्लंडचे आर्नल्ड गुयो हे १८५४ सालीं तेथें भूशास्त्र व भूगोल यांचे अध्यापक झाले. ते श्रद्धाळु ख्रिस्ती होते, आणि हिमनद्या व पर्वत यांच्या निरीक्षणांत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. पुढें याच विभागांतील हॅरी हेस हे दुसऱ्या महायुद्धांत नौदलाच्या जहाजावर असतां, प्रतिध्वनीवरून समुद्राची खोली मोजणारें यंत्र प्रवासभर चालू ठेवीत. त्यायोगें पॅसिफिक महासागराच्या तळाशीं सपाट माथ्याचे पर्वत आढळले, व त्यांस हेस यांनीं गुयोंचें नांव दिलें. समुद्राचा तळ मध्यभागीं उकलून दोहों बाजूंस सरकत असतो, हा विचार त्यांनीं १९६२ सालीं मांडला. १९६७ सालीं तेथीलच जेसन मॉर्गन यांनीं, पृथ्वीचें कवच मोठमोठ्या तुकड्यांचें असून ते तुकडे हालत असतात, हें गणितानें दाखविलें. जगांतील बहुतेक भूकंप विशिष्ट पट्ट्यांतच कां होतात, याचा उलगडा या विचारांतून झाला.

आतां आपल्या दगडाकडे वळूं. गडांचे तट, घाटांच्या पायऱ्या, विहिरींचें बांधकाम आणि स्वयंपाकघरांतील पाटा-वरवंटा ज्या काळ्या पाषाणाचे असतात, तो बेसॉल्ट नांवाचा खडक होय. एके काळीं तो तप्त रस होता. जमिनीस मोठमोठ्या भेगा पडून तो बाहेर आला, दूरवर पसरला आणि निवाला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. म्हणूनच आपले डोंगर दुरून पायऱ्या रचल्यासारखे दिसतात. भूशास्त्रज्ञांनीं या थरांच्या गटांस आपल्याच गांवांचीं व ठिकाणांचीं नांवें दिलीं आहेत. तळापासून वर जावें, तर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर अशीं तीं क्रमानें लागतात. दोन थरांच्या मध्यें ठिकठिकाणीं तांबड्या मातीची पट्टी दिसते. एक रस निवाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ लोटला, त्या काळांत झालेली ती माती आहे.

हे सर्व थर केव्हां आले, आणि किती काळांत आले? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं डायनोसॉर व इतर असंख्य प्राणिजाति पृथ्वीवरून नाहींशा झाल्या. बाहेरून आलेल्या एका प्रचंड अशनीच्या आघातानें हा संहार झाला, असें मत कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील लुइस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९८० सालीं पुराव्यानिशीं मांडलें. त्या अशनीनें पाडलेला खळगा पुढें मेक्सिकोंत चिक्शुलुब येथें ओळखला गेला. परंतु दख्खनच्या रसाबरोबरहि कर्ब व गंधक यांचे वायु हवेंत मिसळले होते. ते प्राणिनाशाच्या आधीं आले कीं नंतर, आणि एकदम आले कीं सावकाश, यावर या संहारांत त्यांचा वांटा किती, हें ठरावयाचें. आज कारखान्यांच्या धुराड्यांतून कर्बवायु हवेंत जात असतां या प्रश्नाचें महत्त्व अधिकच वाढलें आहे.

सूचनापत्रांत ‘प्रयोगशाळा’ हा एकच शब्द असतो. त्यामागचें काम असें चालतें. विभागांतील मंडळी घाटांत हिंडून दगडमातीचे नमुने गोळा करितात. प्रत्येक नमुन्यावर क्रमांक घालून, तो कोणत्या ठिकाणीं, किती उंचीवर व कोणत्या थरांच्या मध्यें मिळाला, हें तेथल्या तेथें वहींत टिपून ठेवितात. ही नोंद चुकली तर पुढील सर्व श्रम वायां जातात. नंतर नमुना कुटून त्याची पूड करितात. झारेकरी जसा सोनाराच्या दुकानांतील केर धुऊन सोन्याचे कण काढतो, तशी ती पूड धुऊन व जड द्रवांत घालून जड कण वेगळे करितात. लोहचुंबकानें लोहयुक्त कण काढून टाकितात. उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक करून निवडावयाचे असतात. घरीं तांदूळ निवडणाऱ्या आईस हें काम परकें वाटणार नाहीं. येथील कण मात्र फार तर केसाच्या जाडीएवढे असतात. शोध असतो तो झिरकॉन नांवाच्या स्फटिकाचा. काळ्या पाषाणांत तो सहसा मिळत नाहीं. परंतु मधल्या तांबड्या पट्ट्यांत ज्वालामुखीची राख मिसळलेली असते, तींत तो सांपडतो. जिच्याकडे वाटसरू ढुंकूनहि पाहत नाहीं, त्या मातींतच काळ मोजण्याचें घड्याळ दडलेलें असतें.

तें घड्याळ असें. झिरकॉन तयार होतांना आपल्यांत युरेनियम सामावून घेतो, परंतु शिसें जवळजवळ घेतच नाहीं. पुढें युरेनियमचे अणु ठराविक गतीनें पालटून शेवटीं शिशाचे होतात. मुख्य प्रकारचें युरेनियम निम्में होण्यास सुमारें ४४७ कोटि वर्षें लागतात. म्हणून स्फटिकांत आज युरेनियम किती व शिसें किती, हें मोजलें कीं त्याचें वय निघतें. पण तें शिसें इतकें थोडें असतें कीं, खोलींतील धुळीबरोबर बाहेरचें शिसें मिसळलें तरी उत्तर चुकावें. म्हणून हें काम गाळलेल्या हवेच्या खोलींत, अंगावर स्वच्छ झगा चढवून करावें लागतें. इतकेंहि करून मंडळी आपल्या हातांवर विश्वास टाकीत नाहींत. स्फटिक न घालतां तीच सर्व कृति ते पुनः करितात, आणि आपल्याच हातून किती शिसें आंत शिरलें तें मोजून उत्तरांतून वजा करितात. स्वतःचा दोष आधीं मोजण्याची ही रीत आम्हांस फार शिकण्याजोगी वाटते.

आठवड्यांतील सर्वांत कसोटीचा तास म्हणजे व्याख्यानाचा. त्या दिवशीं बाहेरून आलेले विद्वान, किंवा विभागांतीलच एखादा विद्यार्थी, आपलें काम सर्वांपुढें मांडतो. वक्ता वृद्ध असो कीं तरुण, शेवटीं प्रश्न एकच येतो: हें आपणांस कसें कळलें? नमुना कोठून घेतला? मोजमापांत चूक किती असूं शकेल? तेथें नुसतें ‘इतकीं वर्षें’ असें उत्तर चालत नाहीं. ‘इतकीं वर्षें, आणि त्याहून इतकीं अधिक किंवा उणीं’ असेंच सांगावें लागतें. आपलें उत्तर किती डळमळीत आहे, हें सांगणें तेथें कमीपणाचें मानीत नाहींत. तें न सांगणें हाच दोष.

प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह २०१५ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या कामांत आपल्या अमरावतीच्या विश्वविद्यालयांतील भूशास्त्रज्ञांचाहि हात होता. रसाचे मुख्य लोट त्या संहाराच्या सुमारें अडीच लक्ष वर्षें आधीं सुरू झाले, आणि साडेसात लक्ष वर्षांच्या आंत ११ लक्ष घन किलोमीटरांहून अधिक खडक तयार झाला, असें त्यांस आढळलें. मग २२ फेब्रुवारी २०१९ च्या ‘सायन्स’ या साप्ताहिकांत दोन निबंध एकाच अंकांत आले. एक प्रिन्स्टनचा. त्यांत रस चार मोठ्या उमाळ्यांनीं आला, व त्यांतला एक संहाराच्या काहीं दशसहस्र वर्षें आधींचा, असें म्हटलें होतें. दुसरा बर्कलीच्या मंडळींचा. त्यांत मुंबईच्या आय्. आय्. टी.तील संशोधक सहभागी होते. त्यांचें घड्याळ निराळें. पोटॅशियमपासून होणाऱ्या अर्गॉन वायूच्या मापावरून त्यांनीं खुद्द काळ्या पाषाणाचें वय काढलें. त्यांच्या मतें सुमारें तीन चतुर्थांश रस संहारानंतर आला.

डोंगर तेच असून दोन विद्यापीठांचीं उत्तरें निरनिराळीं! आपल्याकडे अशा वेळीं कोण हुशार व कोण ढ, हें ठरविण्याची घाई होते. तेथें तसें झालें नाहीं. दोघांनींहि आपलीं सर्व मापें उघडीं ठेविलीं. २०२१ सालीं शोन यांनीं सहकाऱ्यांसह दोहों बाजूंचे आंकडे घेऊन ते एकाच गणिती पद्धतीनें तपासले. तेव्हां असें दिसून आलें कीं, सर्व रस येण्यास सात-आठ लक्ष वर्षें लागलीं, याविषयीं दोन्ही घड्याळें उत्तम जुळतात. अशनि पडला तेव्हां घाटांतला कोणता थर घडत होता, एवढ्याविषयीं मात्र जुळत नाहींत. वाद संपला नाहीं, पण तो नेमका कोठें आहे, हें कळलें. ज्ञानाची वाढ पुष्कळदां अशीच होते.

हें वाचीत असतां आम्हांस आमच्याच वर्गांतील एक गोष्ट आठवली व लाज वाटली. पाण्यांत तोलून दगडाची घनता काढण्याचा प्रयोग आम्हीं दिला होता. बहुतेकांचें उत्तर २·९ च्या आसपास आलें. एका मुलाचें २·४ आलें. त्याला शेजाऱ्यानें आंकडा बदलण्याचा सल्ला दिला, तरी त्यानें तो बदलला नाहीं, आणि आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढून गुण कापले. आठ दिवसांनीं कपाट आवरतांना त्याचा दगड आमच्या हातीं लागला. तो बारीक छिद्रांनीं भरलेला होता. निवतांना रसांतून वायु निघून गेले कीं अशीं छिद्रें राहतात. अशा दगडाची घनता कमीच भरावयाची. मुलाचें उत्तर बरोबर होतें. दगड न पाहतां आम्हीं पुस्तकांतला आंकडा पाहिला होता. दुसऱ्या दिवशीं वर्गापुढें आम्हीं आपली चूक सांगितली व गुण परत दिले. पण मनांत एक प्रश्न राहिला: उत्तर जुळावें म्हणून आपला आंकडा ज्यांनीं खोडला, अशा किती मुलांस आम्हीं आजवर पूर्ण गुण दिले असतील?

पालकांच्या प्रश्नाचें उत्तर देणें राहिलें. भूशास्त्र शिकून चरितार्थ चालतो. कारण काळ्या पाषाणांत पाणी कोणत्या थरांत सांपडेल, धरणाचा पाया कोठें धरेल, हें सांगणारीं माणसें देशाला हवींच आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांस आठवतो, त्यांस पायाखालच्या भूमीचें ज्ञान किती मोलाचें आहे, हें सांगावयास नको. परंतु त्याहूनहि मोठा लाभ आम्हीं वर वर्णन केलेल्या आठवड्यांत आहे. ज्यानें ही सृष्टि निर्माण केली, त्याला आपल्या प्रामाणिक प्रश्नांचें भय नाहीं, अशी आमची श्रद्धा आहे. मग आपणच आपल्या चुकांस कां भ्यावें?

तेव्हां विद्यार्थ्यांनो, पुढच्या सहलींत घाटांतून जातांना तांबडी पट्टी शोधा, आणि ती कोणत्या वळणावर दिसली तें वहींत टिपा. आणि पालकांनो, मूल संध्याकाळीं घरीं आल्यावर किती गुण मिळाले हें अवश्य विचारा. पण त्याआधीं, ‘तुला हें कसें कळलें?’ असें एकदां विचारून पाहा.