चित्र चालू लागतं तेव्हा – लेखांक ७ : राजकन्येचा झगा आणि त्रिकोणांची जाळी

मागच्या लेखांकात आपण मॉन्द्रियानच्या १९१७ च्या रेषाचित्रापाशी थांबलो होतो. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मायकेल नोल यांनी संगणकाकडून तशाच आडव्या-उभ्या रेषा मांडून घेतल्या आणि दोन्ही चित्रांच्या प्रती १०० जणांपुढे ठेवल्या. ५९ जणांना संगणकाचं चित्र जास्त आवडलं. संगणकाचं चित्र कोणतं, हे मात्र २८ जणांनाच ओळखता आलं. पण मॉन्द्रियानचं चित्र मुळातच अमूर्त होतं. माणसांनी गजबजलेलं, गोष्ट सांगणारं चित्र अमूर्त करायला घेतलं की खरा कस लागतो. म्हणून आज व्हेलास्केथचं ‘लास मेनिनास’.

हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. १६५६ सालचं, तीन मीटरांहून उंच आणि पावणेतीन मीटर रुंद. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारीता, दोन्ही बाजूंना तिच्या दासी. उजव्या कोपऱ्यात मारी बार्बोला आणि पेंगुळलेल्या कुत्र्याला पायाने डिवचणारा निकोलास. डावीकडे भल्याथोरल्या कॅनव्हाससमोर कुंचला घेऊन स्वतः व्हेलास्केथ. मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा चौथा फेलिपे आणि राणी मारियाना, आणि शेजारच्या उघड्या दारात, पायऱ्यांवर, खोसे निएतो हा दरबारी. चित्रातला चित्रकार नेमकं कोणाला रंगवतो आहे, यावर अजूनही वाद होतात. त्यामुळे चित्रापुढे उभं राहिलं की आपण ‘कोण कोण आहे’ हेच शोधत बसतो आणि चित्र कसं उभं आहे, हे पाहायचं राहून जातं.

रोममध्ये १९८२ साली जन्मलेल्या क्वायोला या कलावंताने २०१० मध्ये ‘टोपोलॉजीज’ नावाची व्हिडिओकृती केली. तिच्यासाठी त्याने प्रादोतलीच दोन चित्रं निवडली : हे, आणि त्याहून शतकभर नंतरचं तिएपोलोचं कुमारी मेरीचं चित्र. दोन्हींचं त्याने त्रिकोणी पैलूंच्या जाळीत रूपांतर केलं.

अशा रूपांतराचा कणा समजून घेऊ. संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे बारीक चौकटींचा तक्ता. प्रत्येक चौकटीला तीन आकडे : लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५ मधला. शेजारशेजारच्या चौकटींचे आकडे जिथे एकदम बदलतात, तिथे कड असते. अशा कडांच्या आसपास ठिपके दाट टाकायचे आणि जिथे काहीच बदलत नाही तिथे विरळ. मग ते जोडून त्रिकोण करायचे. ठिपक्यांच्या रांगोळीत कोणता ठिपका कशाला जोडायचा हे हाताला ठाऊक असतं. इथे त्यासाठी नियम लागतो. रशियन गणिती बोरिस देलोने यांनी १९३४ मध्ये मांडलेली रचना बहुधा वापरतात : कोणत्याही त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणारं वर्तुळ काढलं, तर त्याच्या आत चौथा ठिपका सापडता कामा नये. त्यामुळे लांबट, सुईसारखे त्रिकोण शक्य तितके टळतात. शेवटी प्रत्येक त्रिकोणात त्याच्या जागेवरचा सरासरी रंग भरायचा. उजळपणाला उंची मानलं, तर सपाट चित्राला डोंगर-दऱ्याही येतात.

हालचाल येते ती ठिपक्यांची संख्या बदलत नेल्याने. व्हिडिओत दर सेकंदाला येणाऱ्या २५ चित्रांत प्रत्येक वेळी नव्याने ठिपके पाडले, तर सगळं चित्र डोळ्यांना त्रास होईल इतकं लुकलुकतं. म्हणून जुने ठिपके जागेवर ठेवून, हळूहळू सरकवत, नवे त्यांच्यात मिसळावे लागतात. यातली सगळी कारागिरी या सरकवण्यात आहे.

आता ही जाळी ‘लास मेनिनास’वर टाकून पाहा. अगदी थोडे ठिपके ठेवले की चेहरे जातात, नावं जातात, दरबारातल्या पायऱ्या जातात. उरतो तो मधला फिकट झगा आणि मागच्या दाराचा लखलखीत तुकडा. राजा-राणीचा आरसा लहान आणि मंद, त्यामुळे तो भिंतीत विरून जातो. निएतोचं दार मात्र टिकून राहतं. आणि चित्राचा वरचा निम्मा भाग जवळजवळ रिकामाच आहे, हे पहिल्यांदा ठसठशीत जाणवतं. काळपट भिंत, अंधुक छत, सगळे त्रिकोण प्रचंड. एवढा मोठा कॅनव्हास व्हेलास्केथने नुसत्या हवेला आणि अंधाराला दिला आहे. ठिपके वाढू लागले की झग्याच्या कडा, रुपेरी नक्षी, केसांतली फीत अशी गर्दी होत जाते. छत मात्र शेवटपर्यंत तसंच राहतं.

मला हे रूपांतर मोलाचं वाटतं ते आणखी एका कारणाने. मूळ चित्राच्या अगदी जवळ गेलं, तर राजकन्येच्या बाहीवर कापड नसतंच. सैल, घाईत ओढल्यासारखे फटकारे असतात. मागे सरकत गेलं की त्यांचं रेशीम होतं. म्हणजे अमूर्ताकडून मूर्ताकडे जाण्याचा प्रवास व्हेलास्केथने आधीच रंगात घडवून ठेवला होता. प्रेक्षक तो पायांनी करत आला; ही जाळी तो वेळेत उलगडून दाखवते.

पिकासोने हेच संगणकाशिवाय केलं. १९५७ च्या ऑगस्टमध्ये त्याने पहिलं मोठं चित्र केवळ करड्या छटांत केलं, त्यात चित्रकाराला छतापर्यंत वाढवलं आणि कुत्र्याच्या जागी आपला लुंप नावाचा कुत्रा आणून बसवला. वर्ष संपेपर्यंत मालिका ५८ चित्रांची झाली. १९६८ मध्ये त्याने ती बार्सिलोनाच्या संग्रहालयाला दिली. दालनातून ती ओळीने पाहताना एकच रचना मोडत आणि जुळत जाताना दिसते.

व्हॅन गॉगची चित्रं भिंतभर फिरवणारे प्रकाशझोतांचे खेळ २०२३ मध्ये मुंबईतही झाले. त्यांना गर्दी झाली याचा मला आनंदच आहे. पण तिथे चित्र मोठं होतं, हलतं, आणि होतं तेच राहतं. तारे गरगरतात, पण ते तिथेच का आहेत हे कळत नाही. चित्राच्या आतल्या रचनेतून हालचाल निघाली आहे का, हे विचारावं आणि नसेल तर ते रूपांतर बाजूला ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या आठवड्यात मुंबईतच राहू. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये आपल्याच एका तैलचित्रावरून ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा लघुपट केला होता. त्याची एकमेव प्रत हरवली. पुढे आशिम अहलुवालिया यांनी वयोवृद्ध पदमसींनाच सोबत घेऊन तो पुन्हा घडवायचा प्रयत्न केला आणि २०१६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. मूळ प्रतच नसताना त्यांनी काय आणि कसं उभं केलं, ते पाहू.