मृगापासून मृगापर्यंत : आष्टीच्या गरीचं आमिष

वर्धा नदीवर सिंभोऱ्याजवळचं अप्पर वर्धा धरण १९९३ साली पूर्ण झालं. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. या काळात धरणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. बुडालेली गावं, पुनर्वसन, ओलिताखाली आलेली शेती, अमरावती शहराचं पाणी, हे सगळं लिहायलाच हवं होतं. पण आष्टी तालुक्याच्या काठावर गरी टाकून बसणाऱ्या माणसाच्या पिशवीतलं आमिष या काळात कसं बदलत गेलं, याची नोंद मला कुठे वाचायला मिळाली नाही. मला ती महत्त्वाची वाटते. पिशवीतलं आमिष बदलतं ते माशाचं खाणं बदललं म्हणून, आणि माशाचं खाणं बदलतं ते नदी बदलली म्हणून.

धरणाआधीची वर्धा आठवणारी माणसं अजून आहेत. मुलताईजवळ सातपुड्यात उगवलेली ही नदी आष्टीच्या अंगाला यायची ती डोह आणि गोट्यांचे उथळ भाग एकाआड एक घेऊन. उन्हाळ्यात धार बारीक व्हायची आणि मासे डोहात गोळा व्हायचे. पावसाळ्यात तीच नदी दोन्ही काठ धरून वाहायची. गरीचं सामान साधं होतं. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, आणि तरंगायला मोराच्या पिसाचा देठ नाहीतर ज्वारीच्या धांड्याचं पेर. सामान वर्षभर तेच राहायचं. बदलायचं ते फक्त आमिष, आणि ते नक्षत्राप्रमाणे बदलायचं.

मृगापासून सुरुवात करायची. सात जूनच्या आसपास मृग लागतं आणि पहिला दणका पाऊस झाला की संध्याकाळी वारुळातून पंखवाली वाळवी उधळते. घरातल्या दिव्यावर येते तशीच ती नदीवरही पडते. पाण्याच्या वरच्या थरात फिरणारे रुपेरी बारके मासे त्या वेळी वेड्यासारखे वर येतात. अशा संध्याकाळी जाणता माणूस गांडुळाला हातही लावायचा नाही. शिसं काढून टाकायचा, बारीक गळाला एक पाखरू टोचायचा आणि ते पाण्यावर तरंगत सोडायचा. दोन दिवसांनी गढूळ पाणी आलं की हा खेळ संपायचा. मग माशाला दिसत नाही, वासावर शोधावं लागतं. तेव्हा गांडूळ. उकिरड्याच्या कडेचं लालसर, वळवळणारं गांडूळ आर्द्रा-पुनर्वसूपासून मघेपर्यंत चालायचं. शिंगाडा आणि वाम यांच्यासाठी तर त्याला पर्यायच नव्हता. वाम रात्री निघते, तळाशी चरते आणि वासावर येते, म्हणून तिच्यासाठी गळ तळाला टेकवून ठेवायचा.

पूर आला की पोहणाऱ्याला भीती वाटते, पण गरीवाल्याचं लक्ष काठाकडे असतं. मधल्या धारेत मासा राहत नाही. तो काठाच्या बुडालेल्या गवतात, झाडाच्या मुळांजवळ, वळणावरच्या संथ पाण्यात येऊन थांबतो. शेतातून वाहून आलेले किडे, आळ्या, गोगलगाई तिथेच जमतात. पोळ्याच्या सुमारास काठावरच्या बोरीखाली किंवा बाभळीखाली वाकून बसलेली माणसं दिसायची ती यासाठी.

गणपती गेले, हस्ताच्या सरी ओसरल्या, की गवत पिवळं पडायला लागतं आणि नाकतोड्यांचा काळ येतो. माझ्या मते वर्षातला सगळ्यात सुंदर काळ हाच. पाणी निवळलेलं असतं पण अजून थंड झालेलं नसतं. वाऱ्याने नाकतोडा पाण्यात पडतो, पाय झाडतो, आणि खालून मासा त्याच्यावर झेपावतो. सकाळी दवाने जड झालेले नाकतोडे हाताने सहज पकडता येतात, म्हणून पोरं आधी शेताच्या बांधावर जायची आणि मग नदीवर. मरळही याच दिवसांत काठाजवळ भक्ष्याच्या मागे फिरते. हिला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे ती अधूनमधून वर येते आणि पाण्यावर फुटलेल्या बुडबुड्यावरून तिची जागा कळते.

थंडीत मासा सुस्तावतो. पौषात भल्या पहाटे गरी घेऊन जाणं म्हणजे हात गारठवून घेणं. ऊन चांगलं तापलं की जायचं, तंगूस बारीक घ्यायचा, गळ लहान घ्यायचा. पाणी काचेसारखं निवळलेलं असतं, मासा माणसाची सावलीसुद्धा ओळखतो. या दिवसांत आमिष नदीतच शोधायचं असा शहाणपणाचा रिवाज होता. उथळ भागातला गोटा उलटवला की खाली चिकटलेल्या आळ्या मिळत. काही वाळूचे कण आणि काडीकचरा चिकटवून केलेल्या इवल्याशा नळीत राहणाऱ्या, काही चपट्या आणि चपळ. मासा थंडीत तळाशी हेच खातो, म्हणून हेच द्यायचं. बारके झिंगेही चालायचे. उन्हाळ्यात मोह, उंबर आणि शेवटी जांभूळ. डोहावर वाकलेल्या उंबराखाली पिकलेलं फळ टपकलं की खालून पाणी हलायचं. तिथे किडा घेऊन बसणारा रिकाम्या हाताने परतायचा.

हे ज्ञान काही फक्त आपल्या नदीकाठचं नाही, आणि आजचंही नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खाऊ घालावं, काठी, दोरी आणि गळ कसा असावा, हे त्यात सांगितलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लिहून जगाचं लक्ष वेधलं. इंग्लंडात १४९६ साली छापल्या गेलेल्या गरीच्या एका पुस्तिकेत बारा कृत्रिम माश्या दिल्या आहेत, पिसं आणि लोकरीच्या. त्या मार्च ते ऑगस्ट अशा महिन्यांवार लावलेल्या आहेत. आपल्याकडे नक्षत्र, तिकडे महिना. मुद्दा एकच.

ट्राउट नावाचा मासा याच मुद्द्यावर पकडला जातो. तो आपल्या वर्धेत जगणार नाही. त्याला थंड, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर बरंच गेलं की त्याचा जीव कासावीस होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच पंचेचाळीसच्या घरात जाते. १९०० साली स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून तो काश्मीरच्या नद्यांत रुजला. १९०९ च्या सुमारास कुलू खोऱ्यात आला. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याच्या विणीचा काळ, तेव्हा ट्राउटची मासेमारी बंद असते. बाकीच्या आठ महिन्यांत गरीवाल्याच्या डबीत काय असावं, यावर तिथली जाणकार माणसं तासन् तास बोलतात. बर्फाचं पाणी उतरत असताना ट्राउट तळाशी असतो, म्हणून पाण्यातल्या आळीसारखी दिसणारी, जड बांधलेली निंफ घ्यायची. फेझंट टेल किंवा हेअर्स इअर ही त्यातली नेहमीची नावं. पाणी जरा उबदार झालं, किडे पंख फुटून वर येऊ लागले, की तरंगणारी ड्राय फ्लाय. पावसाळा ओसरताना मुंगी, भुंगेरा, नाकतोडा यांच्या प्रतिकृती. पाणी गढूळ असेल तर काळी, जाड, सहज दिसणारी. आपल्याकडच्या मृग ते ज्येष्ठ या क्रमाशी हे ताडून पाहा. तळाची आळी, वरचं पाखरू, नाकतोडा, सगळं तेच. फरक इतकाच की तिकडे ते रेशीम आणि पिसांनी गळावर बांधतात आणि डबीत खणाखणांत ठेवतात.

मग १९९३ नंतर आपल्याकडे काय झालं? धारेच्या जागी तळं आलं. गोट्यांचे उथळ भाग पाण्याखाली आणि मग गाळाखाली गेले. वाहत्या पाण्यात, दगडाखाली जगणाऱ्या आळ्यांना गाळात जागा नाही. त्यांच्या जागी संथ पाण्यातले चिलटांसारखे किडे आणि चतुर वाढले. डोहावरची उंबरं बुडाली. काठ तर एका जागी राहीनासा झाला. ऑक्टोबरात जिथे पाणी असतं तिथे एप्रिलमध्ये गाळपेर केलेली जमीन असते. नक्षत्रावर चालणारी दिनदर्शिका धरणाच्या पातळीवर चालू लागली.

मासाही बदलला. रोहू, कटला, मृगळ हे मोठे कार्प साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. पण १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करून दाखवलं आणि देशभरच्या तलावांत बीज सोडण्याचा मार्ग मोकळा झाला. धरणांत याच बीजाची मासळी वाढते. मच्छीमार सहकारी संस्थांचं पोट त्यावर चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळातला कुजका पाला खातो, आणि दोघेही सरकीच्या किंवा शेंगदाण्याच्या ढेपेवर येतात. हळूहळू पिशवीत वर्षभर एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे ढेप. कणिक, ढेप, थोडा वास येण्यासाठी काहीतरी मसाला, त्याचा गोळा करून तळाला सोडायचा आणि बसून राहायचं. १९५२ साली भारतात आणलेला टिलापिया तर कणकेवरही येतो, गांडुळावरही येतो आणि पोळीच्या तुकड्यावरही येतो. त्याच्यासाठी काही कळावं लागत नाही.

याचं मला खरं दुःख आहे. नव्या पिढीतली मुलं उत्साहाने येतात, फायबरची काठी आणि रीळ घेऊन येतात, ऑनलाइन मागवलेले रंगीत प्लास्टिकचे मासे आणतात. पण गोटा उलटवून बघत नाहीत. गवतात काय उडतंय ते बघत नाहीत. मासा लागला नाही की आमिष महागाचं घेतात.

आणि तरीही सगळं संपलेलं नाही, हे मी ठामपणे सांगू शकतो. पहिल्या पावसानंतरची पाखरं आजही जलाशयावर पडतात आणि त्या संध्याकाळी पाणी आजही खदखदतं. काळ्या सुताने अंग आणि गावठी कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाने पंख बांधून केलेली वाळवी अशा वेळी तरंगत सोडली तर बारके मासे तिच्यावर झडप घालतात, टिलापियासुद्धा घेतो. जलाशयाला मिळणाऱ्या नाल्यांच्या वरच्या अंगाला, जिथे अजून गोटे आणि धार आहे, तिथे नाकतोड्याचा काळ तसाच आहे. सातपुड्याच्या झऱ्यांत बॅरिलियस प्रजातीतले चपळ, अंगावर निळसर पट्टे असलेले मासे आहेत. इंग्रज शिकाऱ्यांनी त्यांना डोंगरी ट्राउट म्हटलं ते उगाच नाही. ते पाण्यावर पडलेला किडाच उचलतात, ढेपेकडे पाहत नाहीत. बारीक गळावर बांधलेली एक काळी मुंगी त्यांच्यासाठी पुरते, आणि पकडलेला मासा ओल्या हाताने धरून परत सोडता येतो.

एका गोष्टीत मात्र जुन्या रिवाजापेक्षा आपण पुढे जायला हवं. मृग-आर्द्राला अंडी भरलेले मासे वर चढतात, नाल्यांत शिरतात, आणि तेव्हाच ते सगळ्यात सोपे सापडतात. मरळ तर पावसाळ्यात आपल्या लालसर पिलांच्या थव्याला राखत फिरते आणि जवळ येईल त्यावर तुटून पडते. तेव्हा गळ टाकला की ती हमखास लागते आणि मागे सगळी पिलं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. अशा माशांवर गळ टाकणं थांबावं, आणि जिवंत बेडूक गळाला लावण्याची चालही आता थांबावी. पंख बांधलेली खोटी माशी किंवा रबराचा बेडूक तेच काम करतो.

आष्टी, अंतोरा, साहूर, लहान आर्वी या बाजूच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी, भोईवाड्यात धरणाआधीची नदी पाहिलेली जी माणसं आहेत त्यांच्याजवळ एक वही घेऊन बसा. कोणत्या नक्षत्राला कोणतं आमिष, कोणत्या डोहावर कोणता मासा, त्याचं गावातलं नाव काय, एवढं त्यांच्या शब्दांत उतरवून घ्या. मारुती चितमपल्लींनी ‘मत्स्यकोश’ केला, पण प्रत्येक तालुक्याचा कोश त्या तालुक्यानेच करायचा असतो. ही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. या मृगाच्या आत सुरुवात करा.