कांदा निर्यातबंदी: भाव, शेतकरी आणि शेजारी

कांद्याच्या उत्पादनात महाराष्ट्र देशात पहिला आहे आणि परदेशी जाणाऱ्या कांद्याचा मोठा भाग नाशिक पट्ट्यातून निघतो. त्यामुळे केंद्र सरकारने निर्यात रोखली की पहिला धक्का लासलगाव, पिंपळगाव बसवंत, चाकण इथल्या बाजार समित्यांना बसतो आणि पाठोपाठ ढाका, कोलंबो, दुबईच्या बाजारांना. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020 आणि डिसेंबर 2023 अशी पाच वर्षांच्या आत तीनदा बंदी आली. देशातला भाव आवरण्यासाठी निर्यात थांबवावी का, हा वाद तिन्ही वेळा पेटला.

भाव भडकण्याचे मूळ पिकाच्या वेळापत्रकात आहे. खरिपाचा लाल कांदा, त्यामागून येणारा रांगडा आणि मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ, अशी तीन पिके. देशाच्या वर्षभराच्या उत्पादनापैकी सुमारे 70 टक्के उन्हाळ कांदा असतो आणि टिकतोही तोच. तो चाळीत भरतात. जमिनीपासून उचललेला तळ, दोन्ही बाजूंनी हवा खेळती राहील अशा फटी, वर छप्पर, एवढीच तिची रचना. पावसाळ्यातली दमट हवा लागली की कांद्याला काजळी धरते, कोंब फुटतात, वजन घटते. चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा माल हातचा जाणे नेहमीचे आहे, वर्ष वाईट असेल तर त्याहून जास्त. सप्टेंबरपर्यंत चाळी रिकाम्या होत येतात आणि त्याच सुमारास पावसाने खरिपाचे पीक झोडपले, तर बाजारात पोकळी पडते. कांदा महागला म्हणून लोक तो खायचे सोडत नाहीत. त्यामुळे आवक थोडी घटली तरी भाव दुपटी-तिपटीने चढतो.

बंदीच्या बाजूचा युक्तिवाद इथून सुरू होतो आणि तो पोकळ नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचा निम्म्याच्या आसपास खर्च खाण्यावर होतो. घरचा बाजार रिता असताना माल बाहेर जाऊ देणे कोणत्याही सरकारला जड जाते. 1998 साली दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला, त्यात कांद्याच्या भावाचा वाटा होता, हे राजकारणी विसरलेले नाहीत. अन्नपदार्थांची तीव्र टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी घालण्याची मुभा जागतिक व्यापाराच्या नियमांतही आहे.

शेतकऱ्यांची बाजू मात्र अधिक वजनदार आहे. भाव पडतो तेव्हा तोटा एकट्या शेतकऱ्याचा, आणि भाव चढू लागला की सरकार मध्ये पडते. म्हणजे नुकसानीच्या वर्षाची भरपाई करणारे वर्षच हिरावले जाते. डिसेंबर 2023 ची बंदी याचे ठळक उदाहरण आहे. त्या वेळी बाजारात लाल कांदा येत होता. तो चाळीत ठेवता येत नाही, काढला की विकावाच लागतो. 7 डिसेंबरच्या रात्री आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले आणि चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. बंदी 4 मे 2024 रोजी उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. त्याच महिन्यात नाशिक पट्ट्यातल्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मतदान झाले आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पराभूत झाल्या.

परराष्ट्र धोरणातली किंमत सहसा चर्चेत येत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितल्याचे त्यांनी तिथे बोलून दाखवले आणि आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय करता आली असती, असेही सुनावले. त्या वर्षी बांगलादेशाला विमानाने कांदा आणावा लागला. पुढच्याच वर्षी भारताने पुन्हा तेच केले. अशाने गिऱ्हाईक पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्तकडे वळते किंवा स्वतः जास्त पिकवू लागते. 2024 मध्ये बंदी चालू असतानाच सरकारने बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका अशा मोजक्या देशांना ठरावीक कोटा दिला. मैत्री सांभाळली गेली, पण निर्यातदारांनी वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके त्या व्यवहाराबाहेर राहिली.

पूर्ण बंदीपेक्षा सौम्य मार्ग आहेत. किमान निर्यातमूल्य लावले की हलका माल आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, आपोआप देशातच राहते. निर्यातशुल्कात व्यापार सुरू राहतो, पण त्याचा भार व्यापारी लिलावाच्या बोलीतून शेतकऱ्यावर ढकलतो. नाफेड या राष्ट्रीय सहकारी पणन संस्थेमार्फत राखीव साठा करण्याचाही मार्ग आहे. 2023 मध्ये त्याचे लक्ष्य 3 लाखांवरून 5 लाख टनांवर नेले होते. हा साठा भाव पडलेला असताना भरपूर खरेदी करून केला तर शेतकऱ्यालाही आधार मिळतो. नेमका उन्हाळ कांद्याला बरा दर मिळू लागताच तो बाजारात ओतला, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात आणि बंदीत फारसा फरक उरत नाही.

यातले कोणते हत्यार कधी उपसले जाणार, हे आधी माहीत नसते, आणि खरे नुकसान त्यामुळे होते. अमुक भावाला अमुक शुल्क, आणि भाव उतरला की ते रद्द, असा जाहीर नियम असेल तर लागवडीपूर्वी शेतकऱ्याला आणि करारापूर्वी परदेशी खरेदीदाराला हिशेब मांडता येईल. रोजंदारीवरच्या कुटुंबाला टंचाईच्या दोन-तीन महिन्यांत रेशन दुकानातून स्वस्त कांदा देणे सरकारला अशक्य नाही, आणि तो खर्च तिजोरीने उचलावा, कांदा उत्पादकाने नव्हे. 1 एप्रिल 2025 पासून निर्यातशुल्क पूर्ण काढले गेले. ते कोणत्या परिस्थितीत पुन्हा लागू होईल, हे मात्र त्या निर्णयात सांगितलेले नव्हते.